मिंकाआजींना दिलेल्या पेशी

१२ मार्च

टीव्हीवाले आले! प्रोफेसर हाजीपेत्कोव्ह नवा टाय लावून हजर. मिंकाआजींना — रोडोपी पर्वतातल्या एका गावच्या, रक्ताचा कर्करोग, केमोचा शेवटचा डोस नुकताच झालेला — आज त्यांच्या भावाच्या पेशी द्यायच्या होत्या. केमोतून निसटलेला रोग हुडकून मारायला पेशींना शिकवायचं, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. गोठवलेली पिशवी वितळली की लगेच शिरेत सोडायची. बाहेर ठेवली की पेशी मरतात.

प्रोफेसरांनी पिशवी उचलली, कॅमेऱ्याकडे वळले आणि सुरूच झाले. बल्गेरियाचं विज्ञान. युरोप. स्वतःचं बालपण! वर दिव्यांचा रखरखाट. मी दोनदा कुजबुजले, "सर, पेशी!"

"दिसतंय मला, स्विलेना." पिशवी दुसऱ्या हातात घेतली — त्या बाजूचा गाल जास्त चांगला दिसतो.

शेवटी आजीच खेकसल्या, "अहो, मला देताय की तुम्हीच पिताय?"

१३ मार्च

बातमीत प्रोफेसरच प्रोफेसर. आजींचा फक्त हात.

१६ एप्रिल

आजींच्या अस्थिमज्जेत रोग सापडत नाही! जागच्या जागी उडी मारली मी.

संध्याकाळपर्यंत श्रेयाला रांग. प्रोफेसर म्हणतात, आमच्या पेशी. गावचे पाद्री म्हणतात, देवमातेची तसबीर. सून म्हणते, बिटाचा रस. महापौर तर — "आमच्या गावची हवा!" बिचाऱ्या केमोचं नाव कोणी घेतलं नाही.

२३ एप्रिल

आजींच्या रक्तात आमच्या पेशी शोधल्या. एकही नाही. पुन्हा शोधल्या. नाही. त्या दिवशी पिशवीच्या तळाशी उरलेले थेंब तपासायला राखले होते, ते पाहिले. जवळजवळ सगळ्या मेलेल्या. म्हणजे जे काही झालं ते केमोनं.

प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी टाय सरळ केला.

"आपल्या पेशी विनम्र आहेत. काम केलं, निघून गेल्या."

"सर, आत गेल्या तेव्हाच मेलेल्या होत्या."

"जाताना दार लाव."

६ मे

आजी आल्या, घरी भाजलेली बानित्सा घेऊन. अजून गरम, आतलं चीज बोटाला चिकटत होतं.

"खरं सांग पोरी, मी कशानं बरी झाले? सून रोज रस पाजते. जीभ लाल झालीय माझी."

सांगून टाकलं. केमोनं. पेशी कॅमेऱ्यासमोरच गेल्या. वाटलं, रडतील, नाहीतर ताट उचलून चालत्या होतील.

"भाषणात मेल्या?" हसत सुटल्या! "आमच्या गावसभेत माणसं मरायला टेकतात, पेशींचं काय घेऊन बसलीस!" मग हळूच, "म्हणजे दुखणं परत येऊ शकतं?"

"येऊ शकतं."

त्यांनी बानित्साचा मोठा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला.

"बरं. गावात इतक्यात बोलू नकोस. माझ्या नावावर महापौर रस्ता करतोय. डांबर पडू दे आधी."

१९ जून

वार्ना. परिषद. प्रोफेसरांना सन्मानाची ढाल; मी पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला. एका बाईंनी विचारलं, पेशी शरीरात टिकल्या किती? प्रोफेसर — "उत्तम प्रश्न!" आणि टाळ्या. उत्तर नाहीच!

मी उठले. म्हणाले, "एकही टिकली नाही." माइक माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. पहिल्या रांगेनं ऐकलं. तिच्यातले दोघे झोपलेले.

२० जून

परतीच्या वाटेवर प्रोफेसर गप्प. प्लोवदिव्ह येईपर्यंत एकच वाक्य — "खिडकी बंद कर."

७ ऑक्टोबर

रोग परतला.

प्रोफेसरांनी बोलावलं. खाली पत्रकार थांबलेले. "स्विलेना, तू म्हणाली होतीस ना, पेशी मेलेल्या होत्या? शाब्बास! म्हणजे आपला उपचार फसला नाही!" खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पेशी मेल्या कशानं, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

प्रयोगशाळेत जाऊन रडले. श्रेय त्यांचं होतंच. आता सत्यही त्यांचंच!

८ ऑक्टोबर

आजींचा फोन. "पोरी, म्हणजे तुझ्या त्या पेशी मी अजून घेतलेल्याच नाहीत ना? भावाला धरून आणलंय. खाली उभे आहोत."