मधली रेघ

५ मार्च

हिच्या उजव्या कानापुढची गाठ काढावीच लागणार. शस्त्रक्रिया वीस तारखेला. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. पण चेहऱ्याची नस तिच्यातूनच जाते. डॉक्टर म्हणाले, "नसेला धक्का लागला तर तोंडाची उजवी बाजू काही महिने हलणार नाही. क्वचित कायमचीच." बाहेर आल्यावर ही म्हणते, "चला, निदान निम्मं तोंड तरी बंद होईल माझं. तुमच्या मनासारखं."

मला हसू आलं नाही.

६ मार्च

ठरवलं. वीसच्या आत हिचं चित्र काढायचं. हसतानाचं.

कारखान्याने मुदतीआधी घरी बसवलं आणि रंग हातात घेतले. तेव्हापासून किटली, शिवणयंत्र, दाराची कडी असलंच काढत आलोय. माणूस एकही नाही. लेक म्हणाली, "बाबा, फोटो काढून ठेवा ना, झालं." फोटो काय, कुणीही काढतं. क्लास लावा म्हणणारीही तीच. ओतशाळेत लोखंड ओतायच्या साच्यांचे लाकडी नमुने करायला तरी मला कुणी शिकवलं होतं? बघून बघून शिकलो. माझ्या नमुन्यावरून ओतलेला पंप कधी परत आला नाही.

९ मार्च

एका जागी बसेल तर शपथ.

"हलू नकोस."

"अहो, दूध उतू जाईल."

"जाऊ दे."

गेलं.

११ मार्च

डावी बाजू जमली. गालाची घडी, ओठाचा वर गेलेला कोपरा — अर्ध्या सुताचाही फरक नाही. उजवीकडे पेन्सिल टेकवली की गाठ समोर येते. ती मला काढायची नाही.

१२ मार्च

मार्ग सापडला. पंपाचा नमुना आम्ही असाच करायचो — मधली रेघ मारायची, एक अर्धा नीट घडवायचा, दुसरा त्याच्यावरून उलटा उतरवायचा. ट्रेसिंग पेपर आणला. डावी बाजू उलटी करून उजवीकडे उतरवली. गाठ गेली. चेहरा काटेकोर.

१७ मार्च

रंग पुरा झाला. हिला दाखवलं. चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिली.

"बाई छान आहे. कोण आहे?"

इतके दिवस जीव ओतला, त्याचं हे. जेवताना बोललो नाही.

"चिडलात?"

"नाही."

"मग मीठ न घेताच का खाताय?"

२० मार्च

सकाळी आत नेलं, दुपारी बाहेर आणलं. डोळे उघडले, पाणी मागितलं. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी. त्या पट्टीच्या आत काय आहे ते बघायचा धीर नाही.

२२ मार्च

पट्टी आज लहान केली. लेकीने काहीतरी थट्टा केली, ही हसली. डावा कोपरा वर गेला. उजवा तिथेच.



डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी हिला गाल फुगवायला लावले, डोळे घट्ट मिटायला लावले, ओठांचा चंबू करायला लावला. म्हणाले, "नस शाबूत आहे." मी म्हटलं, उघड दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही? तसाच घरी गेलो, चित्र घेऊन आलो, पलंगाच्या कडेला उभं धरलं. "हे आधीचं. दोन्ही कोपरे सारखे. आता तुम्हीच सांगा काय केलंत ते." आवाज चढला होता माझा. परिचारिका दारात येऊन उभी राहिली.

डॉक्टर चित्राकडे बघतात, मग हिच्याकडे.

ही पट्टीतून म्हणाली, "अहो, मी अशी कधी हसले?"

लेकीने फोन पुढे केला. तिच्या पदवीच्या दिवशीचा फोटो. ही हसतेय. डावा कोपरा वर, उजवा तिथेच. दुसऱ्या फोटोत तेच. तिसऱ्यात तेच. फोटो सरत नव्हते.

डॉक्टरांची माफी मागितली. ते बरं वागले, खांद्यावर हात ठेवून गेले. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

ओतलेला पंप कधी परत आला नाही म्हणे.

२३ मार्च

राहवेना. विचारलं, "उजवीकडून का नाही हसत तू?"

छताकडे बघत म्हणाली, "तिकडचा दात वाकडा आहे. लग्न ठरलं तेव्हाच आत्याने बजावलं होतं, माणूस फार चोखंदळ आहे बरं, सुताचा फरक चालत नाही त्याला. म्हणून झाकला. पुढे सवयच पडली."

"मी काही म्हटलं असतं का?"

माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि पाणी प्यायली.

३० मार्च

टाके निघाले. नवा कागद घेतला. मधली रेघ मारली नाही. ही खुर्चीत बसली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसली.

दात खरंच वाकडा आहे. जेवढा आहे तेवढाच काढला.