कच्चा फुगा

डहाणू रोड
शनिवार, दुपार

प्रिय तुषार,

तू टाइप करून कुरिअरने पाठवलेला माझा राजीनामा मिळाला. मराठी शुद्ध आहे, खाली सहीला जागाही सोडली आहेस. सोमवारी कारखान्यात दे आणि बाबांजवळ बस, म्हणालास. त्याआधी गुरुवारची गंमत ऐक.

आमच्या फुग्यांच्या कारखान्यात मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या, घरच्या काळजीचा कामावर काय परिणाम होतो ते समजवायला. त्यांनी प्रत्येकीला एक फुगा दिला. आपली काळजी यात फुंका, डोळे मिटा आणि सोडून द्या, म्हणाल्या. पण आम्ही तपासणीच्या बायका, वीस-वीस वर्षांचा हात. सगळ्यांनी फुगवला, उजेडाला धरून छिद्र पाहिलं, गाठ मारली आणि रात्रभर हवा टिकते का पाहायला सवयीने दोरीवर टांगला. मॅडमनी डोळे उघडले, तर तीस काळज्या रांगेत लोंबत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारी बसणाऱ्या कैनाडच्या लाडकीचा, सासूची काळजी फुंकलेला फुगा टणक, सोमीचा जावयाच्या काळजीचाही. माझा मात्र सुरकुतला होता. त्यात मी बाबांना फुंकलं होतं, घरी एकटे, काठीवर. लाडकीने तो चिमटीत धरून निकाल दिला, "बाय, तुमची काळजी कच्ची निघाली." हवा सोडणारा फुगा तो कच्चा. तुझे सगळे वाढदिवस असल्याच फुग्यांवर झाले. केक कापेपर्यंत निम्मे माना टाकायचे आणि तू म्हणायचास, झोपले.

संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदाच ते चहा सांडेपर्यंत हसले. दिवाळीत मी पंधरा दिवस रजा घेतली, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी कामावर असले की एका हाताने वरण शिजवतात आणि कुकरच्या शिट्ट्या किती, हे विचारायला सात फोन करतात. फोन वाजला की लाडकीच ओरडते, तीन शिट्ट्या! राजीनाम्याचं काढलं, तर म्हणाले, "तू जा. तू घरी बसलीस की मी आजारी होतो."

कागदाला दोन बाजू असतात, एक फुकट घालवू नये, असं कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या. म्हणून हे पत्र तुझ्या राजीनाम्याच्या पाठीवरच लिहिलं. आता पान उलट. सहीच्या जागी बाबांनी डाव्या हाताने लिहिलंय. अक्षर वाकडं आहे, पण लागतं : नामंजूर.

तुझीच, अजून कामावर असलेली,
आई