मसाला का साधा?

६ जानेवारी, बोर्डी

माफ कर बाबा, फार उशिरा लिहितोय. दिवाळीपासून एक ओळ नाही! सातवी नापास माणसाच्या रोजनिशीला कसला नेम. पण आता सांगायला दुसरं कोणी नाही.

मला ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. डावा कान पावसाळ्यातच गेला. उजव्यात दिवसभर माशी कोंडल्यासारखी गुणगुण. कोणाला सांगितलेलं नाही.

९ जानेवारी

प्रविण खूश. मोबाइलवर माझे व्हिडिओ टाकणारा हा पोरगा, त्याच्याच बंगल्यात मला ठेवलंय. खुशीत माझ्या उजव्या कानाशीच ओरडला, म्हणून कळलं, "काका, काय नॅचरल करता! पूर्वीपेक्षा डबल चालतात!"

चालणारच! पूर्वी मी बहिऱ्याचं सोंग करायचो. आता समोर निलम सून होऊन काय बोलते ते खरंच कळत नाही. तोंडाला येईल ते ठोकतो. सगळे पोट धरून हसतात.

सांगून टाकू? पण खऱ्या बहिऱ्याला कोण हसेल? लोक चुकचुकतील आणि बोटाने व्हिडिओ पुढे सरकवतील. मग मी कोण राहिलो?

१४ जानेवारी

संक्रांत. बायजीचा फोन आला. बायको माझी — तलासरीच्या पुढे पाड्यावर एकटी, दोन शेळ्या घेऊन. कानाला लावला, नुसती घरघर. "रेंज नाय, रेंज नाय" म्हणून ठेवून दिला. तिला वाटलं असेल, म्हातारा मोठा माणूस झाला.

प्रविणकडे रजा मागितली. ओठ बघून समजायला गेलो, तर त्याच्या मिशीत शब्द अडकतात. एवढं कळलं — "पुढच्या रविवारी." मागेही हेच म्हणाला होता.

२० जानेवारी

आज शूटिंग नव्हतं. चिकूच्या झाडाखाली बसून जुनं आठवत होतो.

उंबरगावकडे आमच्या पार्टीचं नाटक होतं. मी म्हातारा नोकर, माझा जोडीदार काळ्या तो मालक. मी पुढेच उभा राहिलो, मागच्यांना दिसेना. एक गुजराती शेठ ओरडला, "ए डोसा, आघो खस!" त्यांच्यात म्हाताऱ्याला डोसा म्हणतात, आघो खस म्हणजे बाजूला सरक. मी कानाला हात लावून विचारलं, "मसाला का साधा?"

बाप रे! मांडव पडायचा बाकी राहिला. काळ्या पाठ फिरवून हसत होता, खांदे नुसते उडत होते. त्या दिवसापासून तो ओरडायचा "ए डोसा!" आणि मी विचारायचो. तारप्याची पोरंसुद्धा वाजवायचं सोडून आमचं बघायला यायची. पुढे सिरियलीत गेलो — नोकर, चोर, बेवडा. कोणत्याही कामात लोकांना तेवढंच हवं. एकदा एकीत बाप झालो, मेलेल्या पोरापाशी रडायचं होतं. बघणारी बाई म्हणाली, "आता विचारेल बघ, मसाला का साधा!"

त्या बाईवर अजून राग आहे. चूक तिची नाही, तरी आहे.

२७ जानेवारी

काळ्या आला होता!

शूटिंग चालू होतं. प्रविण वापीला गेलेला, कॅमेऱ्यावर सुरज. फाटकातून काळ्या तरातरा आत आला. किती वर्षांनी! मला वाटलं प्रविणनेच बोलावलं, मला चकित करायला. तोंडात तंबाखू, ओठ हलत नाहीत. काहीतरी मोठ्याने बोलला. मी कानाला हात लावला — "मसाला का साधा?"

निलम खाली बसून हसली. काळ्या पुन्हा बोलला, हात उडवले. मी म्हटलं, "चटणी वेगळी बांध रे!" त्याने माझा दंड धरून ओढलं. मी लटपटून पडलो, आमचं जुनं पडणं. सुरज अंगठा दाखवत होता.

मग काळ्या थुंकला आणि गेला. चहासुद्धा न घेता!

निलमला विचारलं, काय म्हणाला? तीही कानाला हात लावून हसली. माझीच नक्कल.

२८ जानेवारी

काळ्या पाठ फिरवून हसला नाही. सारखं तेच डोक्यात.

३० जानेवारी

बायजीला फोन लावून दिला सुरजने. कानाला लावला. कळत नाही, कोणी उचलला की नाही. "मी बरा आहे, रविवारी येतो," एवढं बोललो आणि ठेवला.

१ फेब्रुवारी

व्हिडिओ आज आला. सुरज हल्ली बोललेलं खाली अक्षरांत टाकतो. बोट ठेवून वाचलं.

"चैत्या, बायजी पडली. तोंड वाकडं झालंय. तुझंच नाव घेते. चल."

खाली माझं — मसाला का साधा.

"सोंगं पुरे कर! आम्ही तिला नेलंय —" आणि तिथे कापलंय. थेट मी पडतो.

सुरजला म्हणालो, मला ऐकू येत नाही. तो हसला. पुन्हा म्हणालो. मग त्याचा चेहरा उतरला, फोनवर अक्षरं काढून दाखवली — "काका, मला डायलॉग वाटला. लांब होतं म्हणून कापलं. मूळ पुसलं." काळ्या कुठलं गाव बोलला, विचारलं. सुरजला आठवत नाही. वापी, सिल्वासा, डहाणू? त्याने काळ्याला फोन लावला — बंद. बायजीचा वाजतो, कोणी उचलत नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीने पाड्यावर निघतो. प्रविण काय म्हणेल ते म्हणो.

काळ्या, सोंग नव्हतं रे. कुठे नेलंय तिला? कोणाच्याही हाती निरोप धाड. लवकर धाड.