टोपलीतून मनीला लस

मंगळवार, दिवेलागण

सकाळीच मुलगा म्हणाला, "आई, ही मांजर पिसाळली नि पोरीला चावली तर? लांब पाम गावात सोडून येतो." मी म्हटलं, मलापण तिच्याबरोबरच सोड. मासळीच्या टोपलीत मनीला घातली, वर जाळ्याचा तुकडा बांधला नि निघाले गुरांच्या दवाखान्यात, लस द्यायला.

वाटेत जाऊबाई हसली, "काय गो, आज मांजर विकायला काढलीस?" तुला परवडायची नाय, म्हटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, घट्ट धरा." कशाला धरायची? टोपलीला बोंबलाचा वास. मनी चाटत बसली, सुई कधी गेली तिला कळलंच नाय.

सून म्हणते, टोपली घाण केली. धुवेन की, माझीच हाय.

आता मनी नातीच्या कुशीत झोपलीय. मुलगा दारातून बघून गेला. आता पामचं नाव काढून तर बघू दे.