दूधघरातली दगडी पाटी

मंगळवार, ९ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या बेटावरच्या शेअर बाजाराचे नवे संचालक श्री. वेअरिंग यांनी माझ्या पाटीवरची भरतीची वेळ ओल्या फडक्याने पुसली. तो अन्याय मनात आणि बुद्धी ठिकाणावर ठेवून मी, युनिस मॅरी ब्रेहो, वय ६७, राहणार सेंट पीटर पोर्ट, गर्न्सी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून पाहावा.

१. घराचे मृत्युपत्र इथल्या रिवाजाप्रमाणे वेगळे केले आहे. बँकेतली शिल्लक भाची सेलीनला. गाश पावाचा साचाही तिलाच, जरी तिने माझ्या गाशला वीट म्हटले होते.

२. दगडी पाटी ही माझ्या वडिलांच्या दूधघरातली फरशी. बाजार सुरू झाला तेव्हा तिथे फळा नव्हता, म्हणून मी ती वापरायला दिली. तशी चिठ्ठी माझ्याजवळ आहे. डावीकडे भाव, उजवीकडे भरती-ओहोटी, असे मी सोळा वर्षे रोज खडूने लिहिले, कॉन्व्हेंटात सिस्टर पर्पेच्युआंनी घोटून घेतलेल्या अक्षरात. आमच्याकडे कंपन्या नाव नोंदवत आणि झोपी जात. महिनोन्महिने भाव तोच. एकदा एक आकडा बदलला, तर शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "कोण गेलं?" खरे चढत-उतरत होते ते फक्त पाणी. धुक्याच्या सकाळी खिडकीत बंदरच नसे. तेव्हा वाटे, मी लिहिते म्हणून बाहेर समुद्र भरतो आहे.

खेकडे पकडणारा एली टोस्टेव्हिन रोज ओल्या बुटांनी दारात उभा राही.

"काय युनिसबाई, आज तुमच्या बाजारात काय हललं?"

"पाणी."

"मग बरं चाललंय."

श्री. वेअरिंग म्हणाले, "मॅडम, लोक इथे भाव बघायला येतात."

"कोण येतं? एक नाव सांगा."

नाव सांगता येईना, म्हणून त्यांनी फडके घेतले. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी आले. आता भिंतीवर भाव दाखवणारा इलेक्ट्रॉनिक पडदा आहे, आणि माझ्या वडिलांची फरशी चहाच्या खोलीत कपांखाली आहे.

३. ती पाटी मी एलीला देते. त्याने ती बंदराच्या भिंतीवर लावावी, रोज भरती लिहावी, डावी बाजू कोरी ठेवावी.

"बाई, माझं अक्षर म्हणजे खेकड्याची चाल."

"तिरकं चालेल. चुकीचं नको."

त्याला साक्षीदारही व्हायचे होते. ज्याला मिळायचे त्याने सही करायची नसते, हे दोनदा सांगावे लागले.

४. हल्ली झोपेत दिसते: पाटीतून पाणी वर येते, कप तरंगत जिना उतरतात, प्रत्येकावर एका झोपलेल्या कंपनीचे नाव, आणि सगळे शांतपणे बंदराबाहेर जातात. कोणी त्यांना हाक मारत नाही.

५. जे माझ्या ताब्यात नाही ते मी देऊ शकत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून या मृत्युपत्राची प्रत बाजाराच्या संचालक मंडळाला आजच धाडत आहे. पाटी कधी परत करणार, याचे लेखी उत्तर ३१ मार्च २०१६ रोजी दुपारी बाराच्या आत माझ्या हाती पडावे. उत्तराच्या माथ्यावर त्या दिवशीच्या भरतीची वेळ असावी, म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी खिडकीबाहेर पाहिले, हे मला कळेल.

साक्षीदार: रूथ ऑजिए, शिवणकाम; पीटर टोरोड, निवृत्त पोस्टमन

सही: युनिस मॅरी ब्रेहो
सेंट पीटर पोर्ट, ३ फेब्रुवारी २०१६, दुपारी तीन. ओहोटी लागली आहे.