देवाचे वाटे

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, आणि तुमच्याशी भांडायला बसले आहे. उद्या दादा आणि विनू मोताळ्याच्या घरी वाटणीला बसणार आहेत. शेताचं ठरलं, घराचं ठरलं. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक तेवढे उरलेत. खंडोबा दादाकडे, देवी विनूकडे. आणि आई सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे!

जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंत ना तुम्ही? अंगणातल्या बाजेवर बसून मला सांगायचात, की देवाला भाग असतात का, यावर मध्ययुगातल्या पंडितांनी आयुष्यं घालवली. तिकडच्याही आणि आपल्याकडच्याही. मग बाजेवर थाप मारून म्हणायचात, "पाय, दांड्या, सुंभ. जोडणारा सुतार आधी, बाज मागून. देवाच्या आधी कोण असणार?" म्हणून देव निरवयव. त्याची दया आणि त्याचा न्यायसुद्धा वेगळे काढता येत नाहीत. मी मान डोलवायचे.

पण ज्याला भाग नाहीत त्याच्यात बदलही होत नाही, हेही तुमचंच. मग आई रोज ज्याच्यापुढे रडते, त्याच्यापर्यंत काय पोचतं, नाना? हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि रागही येतो तुमचा. देवाचा एवढा विचार केलात, आणि तुमच्यामागे आईनं कुठे राहायचं, यावर एक शब्द नाही?

परवा मी बुलढाण्याहून मोताळ्याला गेले, तेव्हा आई टाक राखेनं घासत होती. मी भावांशी बोलून पाहिलं. दादा म्हणाला, तू लग्न होऊन गेलेली, देवाच्या वाटणीत तुझं काय काम. ते दोघे उठून गेल्यावर आई हळूच म्हणाली, "तुह्ये नाना म्हनत, देवाले वाटे नसतात. मंग मले काऊन वाटून राह्यले हे?"

परतताना मनात आलं, आईला देवांसकट माझ्याकडेच आणावं.

आपल्यात देव लेकीच्या घरी जात नाहीत, ठाऊक आहे. लोक नावं ठेवतील. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आपल्या देव्हाऱ्यात जागा आहे. काल आईला फोनवर विचारलं, देव घेऊन माझ्याकडे येशील का. ती नुसतं "हाव" म्हणाली.

उद्या भावांना सांगणार आहे, तुम्ही नवे टाक घडवून घ्या. जुने सगळे आईबरोबर राहतील, आणि आई माझ्याकडे.

तुमचा देव निरवयव आहे की नाही, मला अजून ठरवता येत नाही. आईचे वाटे मात्र होऊ देणार नाही, नाना. हा माझा शब्द.

तुमची,
बेबी