उजव्या चाकातली आंबील

रेणापूर,
मंगळवार, सकाळी

आदरणीय सिद्धराम दाजींस महांतेशचा शरणार्थ.

तुमची तब्येत बरी असेल. विमानात बसून अक्काचे पाय सुजले होते, ते उतरले असतील. कॅनडातल्या नातीचं नाव फोनवर ऐकलं. अजून नीट म्हणता येत नाही, सराव करतो आहे. इकडे आम्ही दोघं, म्हणजे आई आणि मी, ठीक आहोत. फोन सोडून पत्र लिहितोय याचं कारण, तुमच्याकडे फोन केला की अक्का तो स्पीकरवर टाकते आणि मग मी ठरवलेल्याच्या बरोबर उलट बोलतो. माणिकप्पा उद्या केळी भरायला अर्धापूरला चाललाय. तुमच्या नांदेडवरूनच जाईल. त्याच्या हाती देतो.

रविवारी तुम्ही दोघं येणार. दोन महिने माझ्याकडे ठेवलेली गाडी नेणार आणि त्याच गाडीतून आईलाही नेणार. (अक्का 'थोडे दिवस' म्हणाली. पण आईचं रेशनकार्डही पिशवीत घालायला सांगितलं. थोड्या दिवसांना रेशनकार्ड लागत नाही.) त्याआधी गाडीबद्दल काही गोष्टी तुम्हाला कळायला हव्यात. चावी हातात घेण्याआधी कळाव्यात, म्हणून हा खटाटोप.

गाडी ब्रेक दाबला की डावीकडे जाते. एकदम नाही. आधी थोडी, मग बरीच. अहमदपूर रस्त्यावर डावीकडे ऊस आहे, म्हणून आजवर काही झालं नाही.

सुरुवातीपासून सांगतो. तुम्ही जाताना हिवाळ्यात गाडी कशी चालवावी याचा एक कागद दिला होता, आणि तिकडून व्हिडिओही पाठवत होता. मी तो कागद बियाण्यांच्या यादीसारखा दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवला. त्यात लिहिलं होतं, थंडीत रस्ता निसरडा असतो, अंतर राखा, योग्य बटण निवडा. गाडीत एका बटणावर बर्फाचं चित्र होतं. रेणापुरात पारा दहावर आला होता. मी ते दाबलं आणि पौष निम्मा होईपर्यंत दाबलेलंच ठेवलं. त्यामुळे एक्सलेटर दाबला की गाडी विचार करायची, मग निघायची. मला वाटलं, मोठ्या गाड्या अशाच असतात, त्यांना कसली घाई. मागून उसाचे ट्रॅक्टर मला ओलांडून जायचे. एकदा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गेला, आणि त्याच्या ड्रायव्हरनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

(मध्येच उठून गाडी बघून आलो. उभी आहे. कालपासून मी सारखा उठून बघतोय. आई म्हणाली, "काय रं, गाडीला काय पाळण्यात घातलंय का?")

आता मुख्य प्रकार. आई दर सोमवारी गाडीपुढे नारळ फोडायची आणि पाणी उजव्या पुढच्या चाकावर ओतायची. चारही चाकांना फेरी घालणं गुडघ्यांमुळे जमत नाही, म्हणून एकाच चाकानं सगळ्यांच्या वतीनं घ्यायचं, असं तिनं ठरवलं. मी अडवलं नाही. नवीन गाडीच्या चाकाला जाळी मोठी असते, पाणी थेट आत जातं, हे मला ठाऊक नव्हतं. वेळ अमावस्येला आम्ही गाडी घेऊन शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-भाकरी खाऊन झाली, मडकं डोक्यावर घेऊन मी रानभर ताकातली आंबील शिंपडली. उरलेली आईनं गाडीला दिली. म्हणाली, "ही बी राबतीच की वर्षभर." राबते म्हणजे तुमच्या पार्किंगमध्ये उभी असते, पण सणाच्या दिवशी कोण वाद घालतो? तांब्याभर आंबील त्याच उजव्या चाकात गेली.

पंधरा दिवसांनी गाडी उसाकडे ओढायला लागली. मी ती लातूरला वीरेशच्या गॅरेजात नेली. त्यानं चाक काढलं, ब्रेकचे पॅड काढून माझ्या दोन हातांवर ठेवले. एकाच चाकाचे दोन पॅड. बाहेरचा नव्यासारखा जाड, आतला झिजून पत्र्याला टेकलेला.

"एक बैल ओढायलाय, दुसरा रवंथ करायलाय," वीरेश म्हणाला. मग त्यानं ज्या पिनांवर ब्रेक सरकतो त्या उपटल्या. त्यांच्यावर पांढरट, कडक काहीतरी चढलं होतं. त्यानं नखानं खरवडलं, वास घेतला.

"दादा, हे काय हाय?"

"आंबील."

"ब्रेकमधी?"

"सणाची होती."

 मग त्यानं शेजारच्या गॅरेजवाल्यांना बोलावून दाखवलं. त्यातला एक म्हणाला, ताक जरा जास्त पडलंय.

तर दाजी, असं आहे. आईला यातलं काही सांगू नका. गाडीला आजवर कुठं खरचटलं नाही ते आपल्या नारळांमुळे, असं ती गल्लीत सांगते. माझं एवढंच म्हणणं आहे की अशा गाडीतून पंच्याहत्तरीच्या बाईला वाटेतल्या लोहा गावाजवळच्या वळणांवरून न्यावं का, याचा विचार व्हावा. पहाटे दव असतं, रस्त्यावर पाचट आणि ट्रॉल्यांचा चिखल असतो. एसटीही नको, हादरे बसतात. रेणापुरात थंडी आहे हे अक्काचं म्हणणं मान्य. मी गरम पाण्याची पिशवी आणली आहे. दुसरीही आणता येईल. थंडी काय, फाल्गुनात जाते.

माझ्या लग्नाचा विषय रविवारी काढू नये, ही विनंती. सत्तेचाळीस पूर्ण झाली. अक्काला नमस्कार.

तुमचा,
महांतेश

ता.क. : रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून खरं ते लिहितो. वीरेशनं पिना साफ केल्या, दोन्ही बाजूंना नवे पॅड टाकले. हे मागच्या शुक्रवारीच झालं. मी चहाचा कप पुढे ठेवून ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ थांबते. चहाही सांडत नाही.

आणखी एक : पिनांवरचं रबर फाटलेलं होतं, म्हणून आंबील आत गेली. ते आईनं फाडलं नाही. मीच त्या दिवशी बर्फाच्या बटणाच्या भरवशावर गाडी तुरीच्या धसकटातून थेट कोपीपर्यंत घातली होती.

शेवटचं : आईची पिशवी भरून झाली आहे, पण ती कुणाच्या मनानं भरली ते मला कळत नाही. मी विचारलेलं नाही. मी विचारलं तर ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईल, अक्कानं विचारलं तर अक्काच्या. तुम्ही जावई. तुमच्यापुढे ती पदर सावरून खरं बोलते. रविवारी तिला गाडीत बसवून तुम्ही एकट्यानं विचारा, पण गाडी सुरू करण्याआधी. (ते सीट गरम झालं की ती कशालाही हो म्हणते. रोज सकाळी दहा मिनिटं बसते. "हितं गुडघं गप ऱ्हातेत," म्हणते.) मी दुकानात असेन. राहते म्हणाली तर पिशवी ओट्यावर ठेवा, मी आत घेईन. येते म्हणाली तर दुकानापुढे थांबू नका, हॉर्नही नको. ब्रेक चांगले आहेत, आरामात जा.